दाढेच्या निमित्ताने

आम्ही काही माजी विद्यार्थी दरवर्षी शाळेत मुलांच्या दंततपासणीसाठी येत असतो. आमच्यापैकी कोणी दंतचिकित्सक आहे, कोणी परिचारिका, कोणी औषधनिर्माता. तपासणी मुलांची असते. परंतु पालक-मेळाव्याचा दिवस असला की मुलांमागून आईवडील आणि क्वचित आजीही पुढे येऊन बसतात. "आता आलोच आहो, तर आमचेही दात पाहून द्या ना सर," असे म्हणतात. या तपासणीत आम्हांस जे दिसले आणि आमचे स्वतःचे जेथे चुकले, ते स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांसमोर व माजी विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

प्रारंभ आमच्या चुकीपासूनच करणे योग्य होईल. दर्यापूरकडील एक माता खालची हलणारी दाढ घेऊन आमच्यापैकी एकाच्या दवाखान्यात आल्या. "काही आजार आहे काय?" असे विचारले, तेव्हा त्यांनी "नाही" म्हटले. दाढ काढली. परंतु तीन आठवडे उलटले तरी जखम भरेना आणि जबड्यावर सूज आली. मग रक्तातील साखर तपासली, ती फारच वाढलेली निघाली. पुन्हा विचारले असता त्या सहजपणे म्हणाल्या, "शुगरच्या गोळ्या होत्या, पण बरं वाटू लागलं म्हणून दिवाळीपासून बंद केल्या." त्या खोटे बोलल्या नव्हत्या. गोळी बंद म्हणजे आजार बंद, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दोष आमच्या प्रश्नात होता. तेव्हापासून आम्ही 'काही आजार आहे काय' असे विचारीत नाही. 'कोणत्या गोळ्या घेता, पूर्वी कोणत्या घेत होता, त्या कधी व का बंद केल्या,' असे विचारतो. उत्तरे अगदी निराळी येतात.

मधुमेह हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पूज्य बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील आजारपणामुळे तो आपल्या आजी-आजोबांच्याही कानांवर आलेला होता. परंतु मधुमेहाचा हिरड्यांशी असलेला संबंध अद्याप फारसा कोणास ठाऊक नाही. साखर वाढलेली असली की हिरड्यांतील जंतुसंसर्ग बळावतो, दातांभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेले दातही हलू लागतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे: हिरड्यांत सतत पू व सूज असेल, तर साखर आटोक्यात आणणे कठीण जाते. हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकाने १९९३ मध्ये हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले, ते याच अर्थाने. म्हणून चाळिशीतील माणसाचे तीन-चार दात एकदम हलू लागले, तर आम्ही दात काढण्याआधी साखर तपासून घेण्यास सांगतो. कित्येकांना आपला मधुमेह प्रथम दाताच्या खुर्चीतच कळतो.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. इंजेक्शन घ्यायचे म्हणून अनेक रुग्ण सकाळपासून उपाशी येतात, आणि वर शुगरची गोळी मात्र घेऊन येतात. दाढ काढताना केवळ तेवढा भाग बधिर करतात. त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उपाशीपोटी गोळी घेतली तर साखर एकदम उतरून घाम फुटतो, भोवळ येते. जेवून यावे व गोळी वेळेवर घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांस सांगावे; ती बंद केल्याने होणारा धोका बहुधा दाढेच्या रक्तस्रावाहून मोठा असतो. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाने तर ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगितली पाहिजे, कारण त्यास दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. गरोदर भगिनी दाताचे दुखणे नऊ महिने सोसतात, त्याचेही कारण नाही. मधल्या तीन महिन्यांत बहुतेक उपचार सुरक्षितपणे होतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे आम्हांस प्रकर्षाने वाटले, तिच्याकडे वळतो. वसतिगृहातील एक मुलगा थंडीच्या दिवसांत रात्री जबडा धरून रडू लागला. अधीक्षकांनी लवंगेचे तेल लावले, सकाळी दवाखान्यात नेले. दात स्वच्छ होते, एकही कीड नव्हती. खालच्या ओठाला मात्र मुंग्या येत होत्या आणि डोळे किंचित पिवळे होते. दाढ काढून टाकावी, असा आग्रह घरच्यांनी धरला होता. सुदैवाने ती काढली गेली नाही. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला.

विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजांत हा आनुवंशिक विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो. आपल्या समाजाने तो लपविण्याचे कारण नाही आणि विसरण्याचे तर मुळीच नाही. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, पाठ, पोट जसे दुखते तसा जबडाही दुखतो. खालच्या जबड्याचे हाड यात अधिक सापडते. कधी न किडलेला दातही आतून निर्जीव होतो. अशा रुग्णास दाताचा साधा जंतुसंसर्गही वेदनेच्या झटक्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून त्याची कीड लहान असतानाच भरणे, त्यास भरपूर पाणी पाजणे, थंडीपासून जपणे आणि दाढ काढावी लागल्यास आधी वैद्यकीय सल्ला घेणे, एवढे सांभाळावेच लागते. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे 'एएस', असतील तर प्रत्येक अपत्य 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी असतो, त्यामुळे तपासल्यावाचून कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून शासकीय रुग्णालयांत ही तपासणी होते. मुलाचा अहवाल घरी ट्रंकेत ठेवण्याऐवजी त्याची एक प्रत अधीक्षकांकडे द्यावी, ही आमची विनंती आहे. रात्री दोन वाजता ट्रंक उपयोगी पडत नाही.

हे सारे खरे असले तरी माणसाने जावे कोठे, हा प्रश्न उरतोच. अमरावतीस विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे आणि अकोल्यास जमनालाल गोयनका यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्याहून पुष्कळ कमी येतो. वेळ मात्र अधिक लागतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्यास लोक अजून इर्विनच म्हणतात, दात व साखर या दोहोंची तपासणी एकाच आवारात होऊ शकते, हा तेथील मोठा लाभ. परंतु धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. वेचणीच्या दिवसांत एक मजुरी बुडवून, घाट उतरून, एका दाढेसाठी कोणी येत नाही. मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणतात आणि महिनोन्‌महिने खातात. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी आधीच पुष्कळ. तेथे अशा गोळ्या विनासल्ला खाणे अधिकच घातक. गोळीने दुखणे थांबते, दात मात्र किडतच राहतो, आणि मूत्रपिंडाचे नुकसान होत असता काहीच दुखत नाही.

शासकीय योजनेविषयीही गैरसमज आहे. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. त्या योजनेतून मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया होते, परंतु साधी कीड भरणे वा कवळी बसविणे होत नाही. म्हणजे रोग मोठा होईपर्यंत खिशातून आणि मोठा झाल्यावर योजनेतून, असा हा हिशेब आहे. तो आम्हांस उलटा वाटतो.

मुखकर्करोगाचा उल्लेख झाला म्हणून खर्ऱ्याविषयी लिहिणे भाग आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र टपरीवर डोळ्यांदेखत घोटला जातो. 'तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो,' असे अभिमानाने सांगणारे माजी विद्यार्थी आम्हांस भेटतात. त्यांस सांगावयाचे ते एवढेच, की नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केले आहे. गालाची आतली कातडी तिनेच ताठर होते, तिखट सोसत नाही, आणि तोंड हळूहळू मिटत जाते. आपली तीन बोटे उभी करून दातांच्या मधून आत जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील, अथवा तोंडातील चट्टा वा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दुखण्याची वाट पाहू नये. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. ज्या भगिनी मिश्री लावतात, त्यांनाही हे तंतोतंत लागू आहे, जरी त्या स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत गणत नसल्या.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिल्याचे आले आहे. डोळ्यांस हितकर, मुखदुर्गंधी नाहीशी करणारे, अन्नाची रुची वाढविणारे असे दातवणाचे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. त्यानंतर एका भिक्खूच्या घशात आखूड दातवण अडकले, तेव्हा ते चार बोटांहून लहान नसावे असाही नियम झाला. हा भाग आम्ही मुलांना सांगतो तेव्हा ती हसतात. पण ब्रश किती मोठा असावा, हे त्यांच्या नेमके लक्षात राहते.

येत्या पालक-मेळाव्यास आम्ही नेहमीप्रमाणे येऊ. या खेपेस रक्तदाब मोजण्याचे आणि साखर तपासण्याचे यंत्रही सोबत असेल. येताना घरातील चालू आणि बंद केलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुने केसपेपर आणि मुलाचा सिकलसेल अहवाल पिशवीत घालून आणावा. दर्यापूरच्या त्या मातोश्री आता गोळ्यांची पट्टी पदराच्या गाठीत बांधून आणतात आणि आम्ही विचारण्याआधीच टेबलावर ठेवतात.