आधी पान बिघडव!

महागाची स्केचबुक आणलीस, जाड कागदाची, कापडी बांधणीची. आणि दिवाळीपासून ती कपाटात पडून आहे. विचारलं की म्हणतेस, “मामा, तिच्यात काढण्यालायक काही सुचतच नाही.” पोरी, चित्रकलेचा मास्तर म्हणून ही तक्रार मी आयुष्यभर ऐकली. तिच्यावरचे काही उतारे मला आमच्या सरांकडून मिळाले, काही वर्गात पोरांवर वापरून पक्के झाले. ते आता तुझ्या हवाली करतो.

आधी दुखणं नीट ओळख. कोऱ्या कागदाची भीती कुणालाच नसते. फोनवर बोलता बोलता किराणा मालाच्या यादीमागे तू वेली, डोळे, त्रिकोण गिरवत बसतेस, तेव्हा हात कुठे थरथरतो? भीती असते ती त्या पानाला गुण देणाऱ्याची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देत आपण वाढलो. चित्र म्हटलं की ग्रेड आलीच. तो परीक्षक आपल्या डोक्यात कायमचा मुक्कामाला असतो आणि कोरं पान उघडलं की लाल पेन काढून बसतो. त्याला उठवायचा मार्ग एकच. स्केचबुकला फेअर वही समजू नकोस, रफ वही समज. रफ वहीत खाडाखोड केली म्हणून कुणी कुणाचे गुण कापले नाहीत, आणि खरं गणित सुटायचं तेही तिथेच. पुढचे सगळे कानमंत्र या एकाच गोष्टीसाठी आहेत.

१. वही स्वस्तातली घे

ती महागाची वही तूर्तास राहू दे कपाटात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी साधी वही आण. रेघांची असली तरी चालेल. बॉलपेन कुठल्याही कागदावर चालतं. शाई मागे फुटत असेल तर एकाच बाजूला काढ. जलरंग वापरायची वेळ येईल तेव्हा जाड कागदाचा विचार करू. आज तुला कागद वाया घालवायचं स्वातंत्र्य हवंय, आणि ते स्वस्त वहीतच मिळतं. वही पर्समध्ये मावेल एवढीच घे. घरी ठेवलेली वही भरत नाही.

२. पहिलं पान मुद्दाम बिघडव

नव्या वहीचं पहिलं पान सगळ्यात जास्त भिववतं. तेव्हा त्याच्यावर चहाचा कप टेकव, शाईचे चार थेंब पाड, पेन चालतं का ते बघायला रेघोट्या मार. पान पांढरं राहिलं नाही की निम्मा धाक गेला. डागात काही दिसलं तर त्यातून पुढे जा. लिओनार्दो दा विंचीनेसुद्धा चित्रकारांना सांगून ठेवलंय, की डाग पडलेल्या भिंतींकडे बघा; त्यांच्यात डोंगर, नद्या, झाडं, लढाया दिसायला लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात ओल आलेली भिंत घरोघरी सापडते, त्यामुळे साहित्याची वाण नाही.

आणखी एक युक्ती. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तो खाकी कागद कापून वहीत चिकटव. पांढऱ्या कागदावर सगळा अंधार आपल्याला भरावा लागतो. खाकीवर मधला रंग आयता मिळतो. काळ्या पेन्सिलीने सावली दे, पांढऱ्या पेन्सिलीने उजेड टिप, बाकीचं काम कागद करतो. पाच मिनिटांत वस्तू उठून दिसते आणि नवशिक्याला धीर येतो.

३. रबर घरी ठेव

रबर हाताशी असलं की परीक्षकाला नोकरी मिळते. एक रेघ काढायची, दोनदा खोडायची, कागदाची लव निघेपर्यंत घासायचं आणि शेवटी पान फाडायचं. त्यापेक्षा पेनने काढ. रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढ. चुकलेली रेघच सांगते की बरोबर रेघ कुठे हवी होती.

लिओनार्दोचा याहीबद्दल सल्ला आहे. त्याने चित्रकारांना लहानशी वही सोबत बाळगायला सांगितली, तीही लेप दिलेल्या कागदाची. त्याच्यावर चांदीच्या टोकाने काढलेली रेघ पुसता येत नसे. बाजारात, रस्त्यात माणसं बोलताना, भांडताना, हसताना दिसतील तशी टिपायची आणि ती पानं पुढच्या कामासाठी जपून ठेवायची. आपलं बॉलपेन म्हणजे तीच सोय.

खोडलेल्याचं पुढे काय होतं हे रवींद्रनाथांकडून शिकावं. ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी निघाले. त्या नादातून ते चित्रकार झाले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. तुला तर अजून तिशीही लागली नाही.

४. डोळे वस्तूवर ठेव, पानावर नको

हा मंत्र सगळ्यात गुणकारी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दारात काढलेली चप्पल घे, कोल्हापुरी असली तर उत्तम. समोर बस. पेन कागदावर टेकव आणि त्यानंतर कागदाकडे बघूच नकोस. नजर चपलेच्या अंगठ्यावर ठेव आणि तिथून कडेकडेने मुंगीच्या पावलांनी पुढे सरक. नजर जेवढी सरकेल तेवढंच पेन सरकलं पाहिजे. पेनाचं टोक कागदावर नसून चामड्यावरच फिरतंय असं समज. किमॉन निकोलायडीस नावाच्या अमेरिकन शिक्षकाचं या अभ्यासावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1941 मध्ये निघालं आणि आजही चित्रशाळांतून हा सराव करून घेतात.

चित्र वेडंवाकडं येणार. यायलाच हवं, कागदाकडे न बघता काढलेल्या चित्राला कोण काय गुण देणार? पण ते काढताना तुला जे दिसलं ते आजवर कधी दिसलं नव्हतं. टाचेची एकच बाजू जास्त झिजलीय. पट्ट्याची वेणी एका जागी उसवलीय. तळ मधोमध पायाच्या घामाने काळवंडलाय.

मग दुसऱ्या पानावर तीच चप्पल बघून काढ, पण सुरुवात चपलेपासून करू नकोस. पट्टा आणि तळ यांच्यामध्ये जी पोकळी दिसते, तिचा आकार आधी काढ. ‘चप्पल’ म्हटलं की हात पाठ केलेली चप्पल काढायला जातो. पोकळीचं पाठ केलेलं चित्र कुणाच्याच डोक्यात नसतं, म्हणून तिथे बघावंच लागतं. पोकळी नेमकी आली की पट्टा आपसूक जागेवर बसतो.

५. पानाचे तुकडे कर

मोठं पान अंगावर येत असेल तर त्यावर हाताने चार किंवा सहा चौकटी आख. पट्टी नको. एका चौकटीत कुकर, दुसरीत खिडकीचा गज, तिसरीत शेजारच्यांची वाळत घातलेली गोधडी. एक बिघडली तरी पाच उरतात. चौकट अर्धी राहिली तरी बिघडत नाही. इंग्रज चित्रकार टर्नरच्या तीनशेच्या आसपास स्केचबुका लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. त्यांतली कितीतरी पानं म्हणजे पेन्सिलीच्या मोजक्या रेघा: एक डोंगरकडा, एक पूल, संपलं. एवढ्या मोठ्या माणसाचं त्यावर भागलं, आपलंही भागेल.

६. हलत्या माणसांची युक्ती

“मी काढायला घेतलं की माणूस हलतो,” ही पुढची तक्रार. हलू दे. मंडईत भाजीवालीसमोर, जरा लांब उभी राहा. ती कोथिंबिरीवर पाणी शिंपडते, जुडी उचलते, काटा धरते, सुटे पैसे पोत्याखाली सारते आणि पुन्हा पाणी शिंपडते. एकाच पानावर चार आकृत्या सुरू कर, एकेका हालचालीची एकेक. ती वळली की तूही दुसऱ्या आकृतीवर जा. थोड्या वेळाने तीच मान, तोच वाकलेला खांदा परत समोर येतो, तेव्हा राहिलेलं पुरं कर. आधी मान, पाठीचा कणा आणि कंबर यांची एकच रेघ घे. नाकडोळे नाही आले तरी चालतील. एसटी स्टँड, लोकलचा डबा, लग्नाची पंगत, सगळीकडे हेच लागू.

७. विषय आदल्या दिवशी ठरव

कोरं पान समोर ठेवून विषय शोधणं म्हणजे परीक्षकाला घरी बोलावणं. शेवटच्या पानावर यादी करून ठेव: सांडशी, किल्ल्यांचा जुडगा, आजीचा चष्मा, झोपलेलं मांजर, अर्धी खाल्लेली भाकरी. वही उघडली की यादीतलं पुढचं नाव घ्यायचं, निवड करायची नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे, म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे गोव्यातलं रोजचं जगणं ते डायरीत चित्रांनी लिहीत गेले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. लग्न, शेजारी, पाद्री, कुत्री, जे दिसलं ते त्यांचा विषय झालं.

८. तारीख टाक, फाडू नकोस, दाखवू नकोस

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि ठिकाण लिही. एकही पान फाडू नकोस. एक फाडलंस की उरलेल्यांवरही टांगती तलवार येते. आणि वही भरेपर्यंत फोनवर फोटो टाकू नकोस. एका परीक्षकाने एवढं छळलंय, त्यात दोनशे कशाला बोलावतेस? रोज दहा मिनिटं पुरे. अंगात ताप असेल त्या दिवशी औषधाची बाटली काढ.

एवढ्याने चित्रं सुंदर होतील असं वचन मी देत नाही. हात वळायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. पण पान उघडताना छातीत होणारी धडधड पहिली वही संपायच्या आत थांबते, हे मी वर्गामागून वर्ग पाहिलंय. तेव्हा आजच दुकानात जा. दोनशेवं पान भरलं की वही घेऊन ये. चांगलं-वाईट तेव्हा बोलू, त्याआधी एक शब्दही विचारणार नाही.