अस्थिधातू, आतपसेवन आणि ‘ड’ जीवनसत्त्व

जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणे, जिना चढताना मांड्यांतील बळ सरणे, कंबर व नडग्यांत ठणका, अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीस संधिगत वात ठरवून गुग्गुळकल्प देण्याकडे आपला कल असतो. मात्र सांध्यांवर सूज नसेल आणि नडगीचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर अस्थिमार्दवाची शंका अवश्य घ्यावी. रक्तातील २५-हायड्रॉक्सी ‘ड’ प्रतिमिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असणे ही न्यूनता होय. अस्थिमार्दवात ते बहुधा याहूनही बरेच खाली असते व अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले आढळते.

प्रवाळ, शंख, मौक्तिक ही द्रव्ये प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटची आहेत. ‘ड’ अपुरे असता आहारातील कॅल्शियमपैकी सुमारे १० ते १५ टक्केच शोषले जाते. एरवी हे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. अशा रुग्णात केवळ भस्माची मात्रा वाढवून काय साधणार?

चरकाचार्यांनी आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत केली आहे. येथे त्याचा हेतू निराळा, म्हणून काळही निराळा. त्वचेत हे जीवनसत्त्व घडविणारे अतिनील-ब किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात अत्यल्प असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तो काळ उपयुक्त. हातपाय उघडे हवेत. काचेआडचे ऊन व्यर्थ, आणि सावळ्या त्वचेस अधिक वेळ लागतो. त्वचा लाल होईपर्यंत मात्र बसू नये. अभ्यंगानंतर बाळाला कोवळे ऊन दाखविण्याची प्रथा सुखद खरी, पण मुडदूस टाळण्यास ती पुरेशी नाही. मातेच्या दुधातही ‘ड’ अल्प असल्याने पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब बालरोगतज्ज्ञ सुचवितात, त्यास विरोध करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक निकडीची सूचना. ६०,००० एककांची पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा, आठ आठवडे दिली जाते. ती रोज घेतली गेल्यास हे मेदविद्राव्य जीवनसत्त्व शरीरात साठते. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, मलावष्टंभ, अतितृषा, बहुमूत्रता, संभ्रम आणि अखेरीस वृक्कहानी संभवते. मूतखड्याच्या रुग्णास, तसेच प्रवाळादी कल्प चालू असणाऱ्यास ही पुडी वैद्यांना विचारल्याविना देऊ नये. पाकिटावर ‘दर रविवारी एक’ असे मराठीत लिहावे, शेवटच्या पुडीची तारीखही घालावी.