कॅन्डल चार्ट कसा वाचायचा?



अकरावी-बारावीची मुलं हल्ली मोबाइलवर लाल-हिरव्या रेघांचा चार्ट बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, "क्रिप्टो शिकतोय." नुसतं रागावून उपयोग नाही. आधी तो चार्ट आपल्याला वाचता यायला हवा.

कॅन्डल म्हणजे काय?
समजा, आपल्या जाधववाडीच्या बाजारात कांदा सकाळी क्विंटलला १,५०० रुपयांवर उघडला. दिवसभरात तो १,८०० पर्यंत चढला, १,४०० पर्यंत उतरला आणि शेवटी १,७०० वर बंद झाला. या चार आकड्यांची एक कॅन्डल होते. १,५०० ते १,७०० हा जाड भाग, वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे वाती. बंद भाव उघडत्या भावापेक्षा जास्त, म्हणून ही कॅन्डल हिरवी. उलट असेल तर लाल.

पॅटर्न म्हणजे काय?
अनेक कॅन्डल शेजारी-शेजारी मांडल्या की आकार दिसू लागतात. भाव साधारण एकाच उंचीवरून दोनदा खाली आला तर त्याला 'डबल टॉप' म्हणतात, म्हणजे पुढे उतार. जुनी उंची ओलांडली तर 'ब्रेकआउट', म्हणजे पुढे चढ. निदान नियम तरी असा सांगतात.

आता खरं उदाहरण बघा. एप्रिल २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६४,००० डॉलरवर गेला. जुलैमध्ये तो ३०,००० च्याही खाली आला. नोव्हेंबरमध्ये जुनी उंची ओलांडून सुमारे ६९,००० वर पोचला. त्या दिवशी चार्ट बघणारा म्हणणार, "ब्रेकआउट, घ्या!" वर्षभरात भाव १६,००० च्या खाली. आज तोच चार्ट दाखवून 'डबल टॉप' शिकवतात. चित्र एकच, पण नाव निकाल लागल्यावर ठरलं.

वर्गात करून बघा
आलेख कागदावर १०० पासून सुरुवात करा. नाणं ५० वेळा उडवा. छापा आला तर एक वर, काटा आला तर एक खाली. बिंदू जोडा आणि मुलांना पॅटर्न शोधायला सांगा. सापडतातच! पण पुढचा छापा की काटा, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. बाजार म्हणजे अगदी नाणं नव्हे, पण आकार दिसला म्हणजे भविष्य कळलं असं नाही, हे मुलांना पटतं.

पालकांनी लक्षात ठेवावं
भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 'खात्रीचा सिग्नल' विकणाऱ्या ग्रुपला पैसे देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

मुलाला एक वही द्या. अंदाज आधी तारखेसह लिहायचा, महिन्याने तपासायचा. पैसे अजिबात लावायचे नाहीत. किती अंदाज बरोबर आले, ते त्यालाच मोजू द्या.