गणितातली अडचण पहिलीतच ओळखावी

लहान मुलाची गणितातली अडचण बहुतेकदा हातच्याच्या वजाबाकीत उघडी पडते, पण तिचे मूळ बरेच आधीचे असते. तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत सांगता येणे, मोजून झाल्यावर शेवटी म्हटलेला अंक हीच एकूण संख्या हे उमगणे आणि सातापेक्षा नऊ जास्त हे बोटांवर न मोजता कळणे, या तीन गोष्टींवर पुढची सगळी बेरीज-वजाबाकी उभी असते. नीट शिकवूनही ज्या मुलांत ही जाण तयार होत नाही, त्यांच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया किंवा गणन-अक्षमता म्हणतात. शंभर मुलांत साधारण तीन ते सात मुलांना ती असते. बुद्धीशी तिचा संबंध नसतो. असे मूल वाचनात, बोलण्यात वर्गात पुढे असू शकते.

मराठी घरांत आणि शाळांत ही अडचण झाकली जाते ती पाठांतराने. प्रस्तुत लेखिकेचा मुलगा पहिलीत दहापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणत असे. मध्येच ‘बे चोक किती?’ असे विचारले की मात्र त्याला ‘बे एके बे’पासून सुरुवात करावी लागे. शंभरपर्यंत अंक म्हणता येत, पण सत्तावीसच्या आधी काय येते ते सांगता येत नसे. प्रगतिपुस्तकात पाढ्यांसमोर ‘उत्तम’ आणि वजाबाकीसमोर ‘सराव कमी’ असे दोन शेरे एकाखाली एक होते. ज्याला पाढे पाठ करता येतात त्याच्याकडे सरावाची चिकाटी आहे, एवढा विचार शेरा लिहिणाऱ्याने करायला हवा होता.

वयानुसार लक्षणे बदलतात. बालवाडीत मूल वस्तू मोजताना एखादी वगळते किंवा एकच दोनदा मोजते, ‘मला पाच दे’ म्हटले की मूठभर देते. हे चौथ्या वर्षी चालते, सहाव्या वर्षी चालत नाही. पहिलीत पाच अधिक तीन करताना ते पाचाच्या पुढे मोजत नाही, पुन्हा एकपासून सुरू करते. दुसरीत दशक-एकक कळत नाही, अंदाज अजिबात बांधता येत नाही, आणि कालपर्यंत येणारे उदाहरण आज पूर्णपणे अनोळखी वाटते. गणिताच्या तासाला पोट दुखणे हेही याच सुमारास सुरू होते.

मराठी संख्यानामे या मुलांची वाट आणखी अवघड करतात. त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. मूल ऐकेल तसे लिहिते आणि 34 होतात. एकोणतीस, एकोणपन्नास यांत तर नावात एक दशक आणि लिहिण्यात दुसरेच. जर्मन भाषेतही एकक आधी बोलला जातो आणि तिथल्या मुलांच्या लेखनातही अंकांची अशीच अदलाबदल ठळक दिसते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे मांडले होते; पण टिंगल करणाऱ्यांना अडखळणारी मुले दिसलीच नाहीत. अशा मुलाला काही काळ ‘चाळीस तीन’ आणि ‘त्रेचाळीस’ ही दोन्ही नावे सोबत शिकवली तर फार मदत होते. अर्थात पहिली-दुसरीत अंक उलटे लिहिणे बहुतेक मुलांकडून होते, तेवढ्यावरून शिक्का मारू नये. शिकवूनही ते टिकून राहते का, ते पाहावे.

प्राथमिक चाचपणी, म्हणजे स्क्रीनिंग, ही परीक्षा नसते आणि निदानही नसते. कोणत्या मुलाकडे जास्त लक्ष द्यायचे एवढेच ती सांगते. त्यासाठी एकेका मिनिटाच्या तीन कृती पुरतात: लिहिलेले अंक ओळखणे, दोन अंकांतला मोठा दाखवणे, क्रमातला गाळलेला अंक सांगणे. वर्षाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ती घेतली की कोण मागे आहे यापेक्षा कोण पुढे सरकत नाही हे कळते, आणि खरी खूण तीच. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, गैरहजेरी किती झाली तेही पाहावे. वर्गातली निम्मी मुले मागे असतील तर दोष शिकवण्यात शोधावा लागतो. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी 33.7 टक्क्यांनाच वजाबाकी येत होती; त्या सगळ्यांना अक्षमता आहे असे कोणी म्हणणार नाही.

लेखिकेला हे उलगडले ते घरी, चिंचोक्यांवर. मुलाने सात चिंचोके बरोबर मोजले. तेच चिंचोके त्याच्यादेखत थोडे लांब-लांब पसरले आणि ‘आता किती?’ असे विचारले, तर तो पुन्हा एकपासून मोजू लागला. चार चिंचोकेसुद्धा त्याला बोट लावल्याशिवाय सांगता येईनात. पालकसभेत हेच चिंचोके वर्गशिक्षिकेच्या टेबलावर मांडले, तेव्हा त्यांनी ते वहीने बाजूला सारले. “एवढी घाई कशाला? आठ वर्षांचा होऊ द्या, त्याआधी सर्टिफिकेट मिळतच नाही,” असे त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांचे उत्तरही तेच, वर “आईच फार टेन्शन घेते” हा शेरा. लेखिकेने सर्टिफिकेट मागितलेच नव्हते. वर्गात गठ्ठे-काड्या वापरू द्या आणि फळ्यावरची उदाहरणे निम्मी द्या, एवढेच मागणे होते.

आठ वर्षांची अट खरी आहे, पण ती प्रमाणपत्राची आहे, मदतीची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचे नाव आहे. याच कायद्याचे कलम 16 शासनमान्य शाळांकडून अपेक्षा करते की अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि त्यावर शिकवण्यातून योग्य उपाय करावेत. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी स्क्रीनिंग करायचे होते. त्याआधी करू नये, असे त्यांत कुठेही नव्हते. पालकांनी कलम 16 छापून सोबत न्यावे, मागणी लेखी द्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा शाळेला काही काळाने विसर पडतो. लेखिकेच्या बाबतीत पुढे ‘तुम्ही कधी सांगितलेच नाही’ असे ऐकवले गेले.

मदतीचा गाभा एकच आहे: हाताळणे, मग चित्र, मग अंक, आणि पुढच्या पायरीची घाई नाही. शंभर मण्यांची गणितमाळ, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या, दहाच्या खोट्या नोटा आणि रुपयाची नाणी हे साहित्य जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत असते. फार ठिकाणी ते कपाटात असते. 43 मधून 18 वजा करताना मुलाने स्वतः एक गठ्ठा सोडून सुट्टा करावा आणि मगच ‘हातचा’ हा शब्द यावा. जमिनीवर खडूने संख्यारेषा आखून उड्या मारायला लावाव्यात. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी एक ते दहा अंकांच्या सरळ पट्टीवरचा साधा खेळ बालवाडीच्या वयातल्या मुलांना खेळायला दिला, तेव्हा थोड्याच बैठकांत त्यांची संख्यांची जाण सुधारली. यात एक बारकावा आहे: सोंगटी चारवर असताना दोन पडले तर ‘एक, दोन’ न म्हणता ‘पाच, सहा’ म्हणायचे. सापशिडीचा पट दर ओळीला दिशा बदलतो, म्हणून सुरुवातीला सरळ पट्टीच बरी.

रोज दहा-पंधरा मिनिटे, तीन-चार मुलांच्या गटात किंवा एकट्याने, ठरलेल्या वेळी, एवढे पुरते. बोटांवर मोजण्याला मनाई करू नये. घड्याळ लावून पाढे विचारणे आकलन नसताना घातक ठरते. शाब्दिक उदाहरणात ‘एकूण’ दिसले की बेरीज, ही शिकवणीतली युक्ती तर आधी सोडायला लावावी. मुलाला धीर द्यावा, तुलना करू नये.

अबॅकस आणि वैदिक गणिताच्या क्लासबद्दल स्पष्ट लिहायला हवे. संख्येची जाण असलेल्या मुलाला ते वेग देतात. जिथे जाणच कच्ची आहे तिथे ते आणखी एक पाठांतर लादतात. लेखिकेच्या मुलाला अशाच एका क्लासमध्ये ‘तीन लेव्हलमध्ये गणित पक्के’ असे आश्वासन देऊन घेतले गेले आणि नंतर ‘त्याचे लक्ष नसते’ म्हणून हात झटकले गेले. फी परत मिळाली नाही. विशेष शिक्षक निवडताना पहिल्या भेटीत ते मुलाची वही मागतात की नुसते पॅकेज सांगतात, हे पाहावे. चुकांवरून शिकवण्याची दिशा ठरवणारा शिक्षक वही मागतोच.

आठव्या वर्षानंतरही फरक पडला नसेल तर औपचारिक तपासणी करून घ्यावी. तीत बालरोगतज्ज्ञ डोळे, कान आणि मज्जासंस्था पाहतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक काढतात, आणि मग निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाने वाचन-लेखन-गणन तपासले जाते. मुंबईत सायनचे लोकमान्य टिळक, नायर आणि केईएम या महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे. जाताना जुन्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि शाळेचे पत्र न्यावे. चुकांच्या वह्या रद्दीत घालू नयेत. 2018 च्या सूचनांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होत असे आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे असे. महाराष्ट्र शासन 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती देत आले आहे; जादा वेळ त्यांतली मुख्य. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत आणि अर्ज नववीतच शाळेत देऊन पोच घेऊन ठेवावी.