‘स्नायू’, ‘पेशी’ आणि ‘विकास’ : शास्त्रीय गद्यातील तीन समान शब्द

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील मराठी विद्यार्थी शाळेत हिंदी पाठ्यपुस्तक वाचतो आणि घरी मराठी ग्रंथ उघडतो, तेव्हा ‘पेशी’ या शब्दापाशी त्याची गफलत होणे अपरिहार्य आहे. हिंदीत पेशी म्हणजे मांसाचा आकुंचनशील भाग; मराठीत ती सजीवाचे सूक्ष्म एकक, जिला हिंदी ‘कोशिका’ म्हणते. ‘व्यायामाने पेशी वाढतात’ हे वाक्य हिंदीत निर्दोष आहे. मराठीत त्यातून संख्यावाढ सूचित होते आणि वस्तुस्थिती तशी नाही. प्रौढ शरीरात व्यायामाने स्नायूंचे तंतू मुख्यतः जाड होतात.

‘स्नायू’ची कथा याहून गुंतागुंतीची. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५०० अशी वेगवेगळी गणना आहे. नावेच्या फळ्या बांधणाऱ्या बंधांची उपमा तेथे स्नायूंना दिली आहे; म्हणजे स्नायू हा बांधणारा, ओढणारा नव्हे. मराठीने तो ओढणाऱ्यासाठी योजला, बंगालीने मज्जातंतूसाठी. येथे मूळ अर्थापासून मराठी दूर गेली, हे मान्य केले पाहिजे.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, तेव्हा समान संस्कृत शब्दसंपत्ती त्यांना साहाय्यक ठरली असावी. शास्त्रीय विषयात तीच संपत्ती दगा देते.

याचा सर्वांत मोठा फटका ‘विकास’ या शब्दाला बसतो. अंड्यातील कोंबडीच्या पिलाची हालचाल औषधाने थांबविली, तर सांध्यांच्या पोकळ्या नीट घडत नाहीत. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या बाहूचे हाड दुसऱ्याहून जाड असते. भारानुसार हाड आपली रचना बदलते, हा सिद्धान्त यूलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हे सारे एका देहाच्या आयुष्यातले. मराठीत हा विकास. उडणाऱ्या पक्ष्याच्या उरोस्थीवर पंखांच्या स्नायूंना आधार देणारा उंच कणा असतो आणि शहामृगाला तो नसतो, ही मात्र असंख्य पिढ्यांच्या निवडीची गोष्ट. मराठीत ती उत्क्रांती. हिंदीत ‘क्रमविकास’ शब्द असला, तरी ‘विकासवाद’ म्हणताना नुसता ‘विकास’च दोन्ही ओझी वाहतो. तो शब्द मराठीत जसाच्या तसा उचलला, की शहामृगाच्या पूर्वजाने उडणे सोडले म्हणून त्याच्या पिलांची उरोस्थी सपाट झाली, असा चुकीचा कार्यकारणभाव वाक्यात शिरतो. अनुवादकाने अशा स्थळी आधी विचारावे : बदल देहात झाला, की वंशात?