घटक 4 : दस्तऐवजाची मराठी – क्रियापद आणि मालकी

4.1 प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा अभ्यासली. प्रस्तुत घटकात आपण स्थावर मिळकतीच्या दस्तांची भाषा पाहणार आहोत. शेत, प्लॉट किंवा घर घेताना आपण किंमत पारखून घेतो. पण दस्तातील वाक्य मात्र क्वचितच वाचतो. पुढे वाद उद्भवला, की त्याच वाक्याचा अर्थ न्यायालयात लावला जातो.

4.2 शब्दांचा वारसा

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी स्थापन झाला. परंतु हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे अंबड, भोकरदन, परतूर या भागांतील जुन्या कागदपत्रांत ‘बैनामा’ (खरेदीखत), ‘रहननामा’ (गहाणखत) असे शब्द आढळतात. ‘कब्जा’, ‘मुखत्यार’, ‘दस्त’ हे फारसी-अरबी शब्द तर आजही रूढ आहेत.

4.3 तीन वाक्ये

पुढील वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

(अ) सदर मिळकत तुम्हांस खरेदी देण्याचे कबूल केले आहे.
(आ) सदर मिळकत तुम्हांस कायम खरेदी दिली असून कब्जाही दिला आहे.
(इ) मुदतीत रक्कम परत केल्यास मिळकत परत फिरवून द्यावी.

‘अ’ व ‘आ’ या दोन्ही वाक्यांत क्रिया पूर्ण झालेली दिसते. मात्र ‘अ’मध्ये पूर्ण झाले आहे ते ‘कबूल करणे’. ‘देण्याचे’ हे धातुसाधित आहे. देण्याची क्रिया अद्याप घडायची आहे. हे साठेखत होय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार अशा करारामुळे केवळ मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीस नोंदणीकृत दस्त आवश्यक असतो. ‘आ’ हे वाक्य अशा खरेदीखतातील आहे.

‘इ’मध्ये ‘केल्यास’ हे संकेतार्थी रूप आहे. शेतजमीन तारण ठेवून कर्ज घेताना पुष्कळदा खरेदीखतच लिहून दिले जाते आणि परतीची अट तोंडी राहते. याच अधिनियमाच्या कलम 58 (क) नुसार, परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार सशर्त विक्रीच्या स्वरूपाचे गहाण मानला जात नाही. एक संकेतार्थी वाक्य लिहायचे राहिले, तर कर्जदाराची जमीन कायमची जाऊ शकते.

4.4 सातबारा आणि मालकी

फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागले, की मालकी सिद्ध झाली, असा समज आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ही नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ ही मर्यादा विसरू नका. ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा व कुळाची नोंदही अवश्य वाचा.

4.5 सारांश

दस्ताचे शीर्षक पुरेसे नसते. कोणती क्रिया पूर्ण झाली, कोणती व्हायची आहे आणि कोणती अटीवर अवलंबून आहे, हे क्रियारूपांवरून ओळखता येते. मात्र सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

स्वाध्याय : आपल्या घरातील एखादा जुना दस्त मिळवा. त्यातील मुख्य क्रियापदे अधोरेखित करून त्यांचे काळ व अर्थ सांगा.