कपडा कोणी शिवला?

आपण बाजारात जातो. बाळासाठी झबलं घेतो. रंग पाहतो, भाव करतो. पण ते शिवणाऱ्या हातांचा विचार करतो का?

ही गोष्ट बांगलादेशातली. ढाका शहराजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिथं परदेशी कंपन्यांचे कपडे शिवत. त्यांत लहान मुलांचेही असत. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत धाडलं. इमारत कोसळली. १,१०० हून जास्त माणसं मेली. त्यांत बायाच फार.

मग कंपनी पारखायची कशी? कपडा कुठल्या कारखान्यात शिवला, हे ती उघड सांगते का? बाहेरच्यांना तपासू देते का? कामगारांना संघटना करू देते का? आता आपल्याला वाचता येतं. चिठ्ठी वाचू, दुकानदाराला विचारू. शिवणारीच्या घरीही लेकरं आहेत.